नेरळला उतरा हो! मुंबईतल्या सगळ्या सहल कमिट्यांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे, डोंबिवलीतल्या यच्चयावत सोसायट्या, चाळी, भिशी ग्रुप, ज्येष्ठ नागरिक कट्टे आणि ऑफिसांच्या सहल कमिट्यांनो,

सप्रेम नमस्कार वि. वि.

दिवाळी झाली की व्हॉट्सॲपवर तुमचा माथेरानचा प्रोग्राम फिरायला लागतो, फुलांची बॉर्डर असलेला. सकाळी सहाला बस, नेरळला नाश्ता, तिथनं टॅक्सीने दस्तुरी नाका, म्हणजे जिथे टॅक्सी सोडावी लागते तो, मग तिथल्याच अमन लॉज स्टेशनहून ‘मिनी ट्रेनचा मनमुराद आनंद’, मग पॉइंट, जेवण, चिक्की, चपला, परत. आमच्या बिल्डिंगचा पण अगदी हाच आलाय. बाकी सगळं मान्य आहे, जेवणातल्या मेन्यूबद्दल पण मी काही बोलत नाही, मला फक्त त्या मनमुराद आनंदाबद्दल बोलायचंय.

अमन लॉज ते माथेरान म्हणजे जेमतेम तीन किलोमीटर हो. शेवटचा तुकडा. पूर्ण लाइन २१ किलोमीटरची आहे, म्हणजे खालचे अठरा तुम्ही टॅक्सीत बसून, एकमेकांच्या मांडीवर बॅगा ठेवून, उलटी होईल का या विचारात घालवता. आणि जे काही बघण्यासारखं आहे, ज्याच्यासाठी एका माणसाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी सोळा लाख रुपये डोंगरात ओतले, ते सगळं त्या अठरा किलोमीटरांत आहे. वर पोचल्यावर डब्याच्या दारात लटकून फोटो काढायचे आणि ‘माथेरानच्या गाडीत बसून आलो’ म्हणून स्टेटस टाकायचं, हे मला तरी पटत नाही.

आता ही गाडी मुळात झाली कशी ते जरा सांगते, कारण कमिटीत दर वेळी कोणीतरी ‘इंग्रजांनी काय बांधलंय बघा’ असं म्हणतंच. नाही हो, सरकारने नाही बांधली. मुंबईच्या एका धंदेवाल्या कुटुंबाने बांधली, स्वतःच्या खिशातनं.

माथेरान गोऱ्या साहेबांच्या नजरेला आलं १८५० साली, तेव्हाचा ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून वर गेला तेव्हा. ठाकर, कातकरी, धनगर लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे वावरत होते, पण ‘शोध लावला’ असं त्याच्याच नावावर लिहिलं जातं, ते असो. मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने तिथे बंगला बांधला, आणि मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेले साहेब, पारशी, बोहरा, भाटिया शेठजी सगळे वर जायला लागले. जीआयपी कंपनीची, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेची, लाइन १८५६ मध्येच नेरळवरनं खोपोलीपर्यंत गेली होती. म्हणजे बोरीबंदरहून नेरळपर्यंत गाडीत आरामात, आणि नेरळपासून पुढे? घोडा, नाहीतर पालखी, नाहीतर आपले दोन पाय. सामान हमालांच्या डोक्यावर. ही परिस्थिती थोडीथोडकी नाही, तब्बल पन्नास वर्षं होती. सरकारला काही घाई नव्हती, सिमल्यासारखी इथे उन्हाळ्याची राजधानी नव्हती ना.

इथे येतात सर आदमजी पीरभॉय. गिरगावकरांना तर हे नाव परकं नसायला हवं, चर्नी रोड स्टेशनासमोर त्यांच्या नावाचं सॅनिटोरियम आहे, आपण रोज त्याच्यासमोरनं लोकल पकडायला धावतो आणि वर नाव काय लिहिलंय ते वाचत नाही. मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा. लहान वयात मुंबईच्या रस्त्यावर काड्यापेट्या विकायचे असं सांगतात. मग लष्कराला तंबू पुरवायची कामं मिळाली, कापडाची गिरणी झाली, धारावीत चामडं कमवायचा मोठा कारखाना झाला, आणि १८९७ ला हा माणूस मुंबईचा शेरीफ झाला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की एकदा नेरळला उतरले तर वर जायला घोडाही मिळेना आणि हमालही मिळेना, तेव्हा चिडून म्हणाले की आता येईन तो माझ्याच गाडीने येईन. खरं-खोटं देव जाणे, शेठजींच्या अशा गोष्टी नंतर रचल्या जातात बऱ्याचदा, पण ऐकायला छान आहे म्हणून सांगितली.

खरं काम केलं ते त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेनने. पैसा बापाचा, डोक्यात खूळ मुलाचं. १९०० च्या सुमाराला बेत ठरला, १९०४ ला प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी वर पोचली. खर्च सोळा लाख रुपये. तेव्हाचे सोळा लाख हं. आदमजींना ‘सर’ पण त्याच वर्षी मिळालं, आणि पुढे सहाच वर्षांत, १९१३ ला ते गेले.

आता तुम्ही म्हणाल श्रीमंत माणूस होता, टाकले पैसे, त्यात काय एवढं. तर जरा बाकीच्या डोंगरी रेल्वे कंपन्यांचं काय झालं ते बघा म्हणजे कळेल. नीलगिरीची, म्हणजे ऊटीवाली, पहिली कंपनी लाइन पूर्ण व्हायच्या आधीच बुडाली, मग नवीन कंपनी काढून काम पुढे रेटावं लागलं. कालका-सिमला १९०३ ला सुरू झाली आणि कंपनीला खर्च इतका जड गेला की १९०६ ला सरकारने ती विकत घेऊन टाकली. म्हणजे अब्दुल हुसेन इथे हर्दल टेकडीच्या बाजूने रूळ चढवत होता त्याच वेळी तिकडे सिमल्याची कंपनी हात वर करत होती, आणि सिमला कोण, तर साक्षात व्हाइसरॉयचं गाव! दार्जिलिंगवाली तेवढी बरी चालली, १८८१ पासून १९४८ पर्यंत कंपनीच्याच ताब्यात होती, पण तिला चहा होता. डोंगरावरनं खाली यायला चहाच्या पेट्या आणि खालनं वर जायला तांदूळ. माथेरानहून खाली काय आणणार? हवा? वर राहणाऱ्यांचं वाणसामान, भाजी, एवढाच माल. बाकी सगळी मदार माणसांच्या तिकिटावर, ती पण सुट्टीला येणाऱ्या माणसांच्या. त्यात पावसाळ्याचे चार महिने गाडी बंद, आणि नुसती बंद नाही, तर त्याच चार महिन्यांत पाऊस दरडी पाडणार, भराव वाहून नेणार, मोऱ्या तुंबवणार. म्हणजे उत्पन्न शून्य तेव्हाच दुरुस्तीचा खर्च सगळ्यात जास्त. कुठल्याही बॅंकेच्या माणसाला हा हिशोब दाखवा, तो तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल. हे हिशोब त्या बापलेकांना कळत नव्हते असं समजू नका, तंबूचे आणि कातड्याचे व्यवहार करणारी माणसं ती. तरी बांधली.

आता इंजिनिअरिंग. कंटाळा येईल असं वाटत असेल तर हा भाग सोडून द्या, पण मला यातच जास्त मजा येते त्यामुळे मी लांबवणार आहे.

सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव सोलापूरकडच्या लोकांना माहीत असेल, बार्शी लाइट रेल्वे काढणारा तोच. कुर्डुवाडी-बार्शीची ती छोटी गाडी, पंढरपूरच्या वारकऱ्यांनी भरून जायची ती, त्याचीच. माणूस भलताच वल्ली होता, पुढे विमानातनं उडी मारायचं पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला, आणि घोड्यांचा तर इतका नाद की अरबी घोडे पाळायचा. आता बघा, असा घोड्यांवर जीव टाकणारा माणूस माथेरानच्या घोड्यांचं काम काढून घेणाऱ्या गाडीचा सल्लागार! घोडे काही हटले नाहीत म्हणा, अजून आहेत, तुमच्या कमिटीच्या खजिनदारांशी घासाघीस करायला दस्तुरीला उभेच असतात.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट ठेवलं. दोन फूट म्हणजे किती ते नेरळ स्टेशनात उभं राहून बघा, एका बाजूला आपल्या कर्जत लोकलचे साडेपाच फुटांचे रूळ आणि इकडे हे. अरुंद का, तर रूळ जितके जवळ तितकं वळण जास्त आवळून घेता येतं, आणि वळण आवळता आलं की डोंगर कमी फोडावा लागतो, बोगदे कमी, पूल कमी. म्हणून तर सबंध लाइनीवर बोगदा एकच आहे, आणि तो पण इतका छोटा की त्याचं नाव ‘वन किस टनेल’ पडलं, नाव कुठून आलं ते कमिटीतल्या काकांनी पोरांना समजावून सांगावं. बोगद्यांऐवजी काय, तर वळणं. दोनशेच्या वर वळणं आहेत, २२१ हा आकडा सगळीकडे देतात. आणि चढ १:२० पर्यंत, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या हिशोबात हे भयंकर आहे. लोखंडी चाक, लोखंडी रूळ, मध्ये दाते-बिते काही नाहीत. ऊटीला मधोमध दात्यांची पट्टी आहे, इंजिन तिला धरून धरून चढतं. दार्जिलिंगला जिथे जागा नाही तिथे गाडी मागे-पुढे करत झेड काढत चढवतात. माथेरानला दोन्ही नाही. डोंगराला वळसा घालत, घोड्याच्या नालासारखा भराव घालून गाडी उलटी फिरवत, नुसत्या चाकांच्या पकडीवर नेरळपासून साडेसातशे मीटर वर.

आणि इंजिनं! ती जर्मनीहून आणली, ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची, चार. तीन जोड्या चाकांचं इंजिन एवढ्या आवळलेल्या वळणावर सरळ घातलं तर एकतर ते अडकणार नाहीतर रूळ ओरबाडणार. म्हणून पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीचा केलेला, आत खरा आस आणि बाहेर ही नळी चाकांसकट थोडी इकडे-तिकडे वळू शकते. म्हणजे इंजिनाचा सांगाडा सरळ राहतो आणि चाकं आपापली वळणाप्रमाणे वळतात. क्लीन-लिंडनर म्हणतात त्या रचनेला. १९०५-०७ च्या काळात हे असलं काहीतरी शोधून, मागवून, बोटीने आणून, नेरळला जुळवून, डोंगरावर चालवायचं, आणि हे करणारे कोण, तर रेल्वेचा कसलाही अनुभव नसलेले तंबूवाले शेठ. मला हे दर वेळी सांगताना नवल वाटतं.

ब्रेकचं पण सांगते. पुष्कळ वर्षं या गाडीला आपल्या लोकलसारखे सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक नव्हते. डब्यांवर ब्रेक पोर्टर असायचे, हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळणारे. ड्रायव्हरने शिट्टी दिली की आवळायचा, पुन्हा शिट्टी दिली की सोडायचा. उतरताना तर सगळा खेळ त्यांच्याच हातात. बाहेर उन्हात, धुळीत, कोळशाच्या भुकटीत उभं राहून दोन-अडीच तास हे करायचं, आणि एकाने उशीर केला तर मागच्या डब्याचा धक्का पुढच्याला. आपण म्हणतो गाडी पीरभॉयने बांधली, बरोबरच आहे, पण खाली सुखरूप आणली ती या लोकांनी, आणि रूळ टाकणारे, सुरुंग लावणारे, भराव घालणारे जे मजूर होते त्यांची तर नावं पण कुठे नाहीत.

पुढचं पटापट सांगते. स्वातंत्र्यानंतर लाइन मध्य रेल्वेकडे आली, १९५० च्या दशकात डिझेल इंजिनं आली, वाफेची इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली आणि त्या चारांतलं एक तर पार इंग्लंडला गेलं. वॉटर पाइप नावाचं स्टेशन लागतं ना वाटेत, तिथे वाफेचं इंजिन पाणी प्यायला थांबायचं, आता डिझेलला त्याची गरज नाही पण नाव राहिलंय.

मग २६ जुलै २००५. त्या दिवशी मुंबईत आपलं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, पण त्याच पावसाने माथेरानची लाइन पण उखडून टाकली, आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, म्हणजे बरोबर शंभरावं वर्ष. २०१६ च्या मे महिन्यात डबे दोनदा घसरले, पुन्हा बंद, २०१८ पर्यंत. २०१९ च्या पावसात परत वाट लागली, त्यानंतर नेरळहून गाडी सुटली ती थेट ऑक्टोबर २०२२ ला. दर वेळी बंद पडली की ‘आता कायमची गेली’ असंच लोक बोलायचे, मी पण बोलले असेन. तर ती प्रत्येक वेळी परत आली, रूळ नवे घातले, स्लीपर बदलले, भिंती बांधल्या. दार्जिलिंग १९९९ ला, नीलगिरी २००५ ला आणि सिमला २००८ ला जागतिक वारसा यादीत गेले, माथेरान बिचारं अजून संभाव्य यादीतच बसलंय, वेटिंगवर.

आता मुद्द्याचं. अमन लॉज ते माथेरान ये-जा करणारी शटल बारा महिने चालते, तिला तुमच्यासारख्यांची गर्दी आहे, तिची काळजी नाही. काळजी खालच्या लाइनची आहे. पुढच्या वेळी दरड कोसळली आणि कुठल्याशा टेबलावर फाइल आली, की एवढा खर्च करून खालचा भाग पुन्हा उभा करायचा का नुसती वरची शटल ठेवायची, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला जाणार की नेरळहून बसतं कोण? शटल तर काय, दस्तुरीपर्यंत टॅक्सी आहेच. बरं, नेरळची गाडी कायमची बंद झाली तर वरच्या तीन किलोमीटरवर चालणाऱ्या इंजिनांची मोठी दुरुस्ती कुठे करणार, कारण शेड नेरळला आहे. म्हणजे वरची फांदी ठेवून खालचं खोड तोडण्यातला प्रकार.

मला माहितीये तुमच्या मीटिंगमध्ये काय बोलतात. पहिलं, वेळ फार जातो. जातो, अडीच तासांच्या वर लागतात वर जायला, टॅक्सी अर्ध्या-पाऊण तासात दस्तुरीला सोडते. पण मग सहल कशाची काढली आहे? पोचल्यावर तरी काय करणार, इको पॉइंटला जाऊन स्वतःचंच नाव ओरडणार ना? दुसरं, पन्नास माणसांना तिकिटं मिळत नाहीत. हे अगदी खरं आहे, डबे छोटे, नेरळहून सुटणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच, शनिवार-रविवारी रांग असते. तर पन्नासांनी एकदम जाऊच नका. ज्यांना हौस आहे ते पंधरा-वीस जण पहाटेची कर्जत लोकल पकडून आधी जाऊन रांगेत उभे राहा, बाकीचे बसने, टॅक्सीने येऊ देत, जेवायला वर भेटा. आणि जमत असेल तर आठवड्याच्या मधला वार धरा, ज्येष्ठ नागरिक कट्ट्याला कुठे ऑफिस आहे? तिसरं, आजी-आजोबांना झेपणार नाही. अहो, बसूनच तर जायचंय! उलट टॅक्सीच्या वळणांनी ज्यांना मळमळतं त्यांना ही गाडी सोसते, ताशी दहा-बारा किलोमीटरने चालणाऱ्या गाडीत कोणाला काय होणार आहे.

आणि एकदा नेरळहून बसलात की मग तुमची तुम्हीच बघा. जुम्मापट्टीला गाडी थांबते, ठाकर बायका उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन येतात, वडापाव मिळतो. आपण ज्या रुळावरनं आलो तो रूळ काही वेळाने खाली, अगदी पायाखाली, उलट्या दिशेने जाताना दिसतो, तेव्हा पोरं हमखास विचारतात की ही दुसरी लाइन कुठली. पॅनोरमा पॉइंटच्या बाजूला गाडी येते तिथे एका अंगाला सरळ दरी आणि रूळ कड्याच्या इतका काठाला की खिडकीतनं खाली बघितलं तर जमीन दिसत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला हे दिसत नाही, कारण रस्ता नंतर झाला आणि आपल्या सोयीने गेला.

तर येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये एवढं मांडा. प्रोग्राममध्ये ‘नेरळ ते माथेरान रेल्वेने, इच्छुकांनी नावं द्यावीत’ अशी एक ओळ घाला. तारीख पावसाळ्यातली ठेवू नका, तेव्हा खालनं गाडी नसते. परतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या, ते बदलत असतं. खाऊच्या पिशव्या मांडीवर घट्ट धरा, वाटेतली माकडं तुमच्या खजिनदारांपेक्षा चलाख आहेत. अंताक्षरी खुशाल खेळा. तिकीट नाहीच मिळालं तर नेरळ स्टेशनाबाहेर टॅक्सीवाले आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत, पण आधी खिडकीशी रांगेत उभे राहा. आमच्या बिल्डिंगच्या कमिटीला वेगळं कळवायची गरज नाही, माझं नाव त्या इच्छुकांत पहिलं लिहा आणि वर्गणी मी सोमवारी देते.

आपली,
गिरगावातली एक सभासद